जसं ऐकू येईल तसं

बाईंनी फळ्यावर एच काढला आणि म्हणाल्या, "हा मुका. लिहायचा, पण उच्चारायचा नाही."

मी म्हटलं, "मुका आहे तर लिहायचा कशाला?"

वर्गात हशा पिकला. मला कुणाला हसवायचं नव्हतं. मी शिलाई मशीनचा मेकॅनिक आहे. मशीनमध्ये एखादा स्क्रू काहीच काम करत नसेल तर तो कंपनी बसवत नाही. बाई नुसत्या हसल्या आणि पुढच्या अक्षराकडे वळल्या. माझा राग तसाच बाकावर बसून राहिला.

छपाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ही शिकवणी होती. एकच खोली, सहा बाक, खालून दिवसभर यंत्राचा धडधडाट. दारावर पाटी होती, 'स्पॅनिश, इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी'. भिंतीवर एक तक्ता होता. प्रत्येक स्पॅनिश अक्षरासमोर एकेक इंग्रजी शब्द. ए म्हणजे फादरमधला ए. टी म्हणजे टेबलमधला टी. माझं इंग्रजी मशीनच्या माहितीपुस्तकांतून आलेलं. टेन्शन, बॉबिन, नीडल प्लेट. तेवढ्यावर मी चाळीस वर्षं दुकान चालवलं आणि कुणापुढे अडलो नाही. इथे अडलो.

मी बसायचो ती खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाची जागा हिची होती. हिची म्हणजे माझ्या बायकोची. ती याच वर्गात दीड वर्ष आली. पहिल्या दिवशी बाई मला हळूच म्हणाल्या होत्या, "त्या तिथे बसायच्या." मी म्हटलं, "मग मी काय करू?" आणि तिथेच बसलो.

ही गेली तेव्हा मी दुकानात होतो. सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्याशीच खाली बसली. शेजारणीने मला फोन केला, मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. चहा गाळणीत तसाच होता. मुलगा परदेशातून एकटाच आला, पाच दिवस राहिला आणि परत गेला. त्याची बायको तिकडचीच, तिची भाषा स्पॅनिश. त्यांना पाच वर्षांची एक मुलगी आहे. तिचा पाय एका जागी ठरत नाही म्हणून हिने तिचं नाव भिंगरी ठेवलं. भिंगरीला स्पॅनिशशिवाय काही येत नाही. हा माझ्या मुलाचा पराक्रम. विचारलं तर म्हणायचा, "बाबा, हळूहळू शिकेल." पाच वर्षं हळूहळूच चाललंय.

हिला तेवढा धीर नव्हता. साठाव्या वर्षी वही-पेन घेऊन निघाली. मी म्हटलं, "या वयात?" ती म्हणाली, "मग कुठल्या वयात? पुढच्या जन्मी ती माझी नात असेल याची तुम्ही हमी देता का?"

ती मोठ्या दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती, एकतीस वर्षं. कानाची पक्की. दर रविवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ असायची, ती टॅब उभा करून बसायची आणि भिंगरीशी तासभर बोलायची. दोघी खिदळायच्या. मला हाक यायची, "अहो, या ना, एक वाक्य तरी म्हणा तिच्याशी. मी सांगते तसं म्हणा."

"मला नाही जमत ते माकडचाळे," असं म्हणून मी पायात चप्पल सरकवून दुकानात जायचो. रविवारी दुकान बंद असायचं. मी बंद दुकानात जाऊन बसायचो. हे मी आता कुणाला सांगू?

मुलगा परत गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी टॅब वाजला. मी उचलला. समोर भिंगरी, मागे मुलगा. भिंगरीने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि विचारलं, "आबुएला?" आबुएला म्हणजे आजी, हे मला ऐकून माहीत होतं. मी मुलाकडे बघितलं. तो मराठीत म्हणाला, "बाबा, तिला सांगितलं नाही अजून. मी सांगितलंय, आजी झोपलीय. तुम्ही नुसतं हो म्हणा."

त्याशिवाय मला एकच स्पॅनिश शब्द येत होता. सी. म्हणजे हो. मी म्हटलं, "सी."

भिंगरीने ओठांवर बोट ठेवलं, आवाज लहान केला आणि आजी जागी होऊ नये म्हणून पुढची दहा मिनिटं माझ्याशी कुजबुजत बोलली. एक अक्षर कळलं नाही. मी सी, सी करत राहिलो.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी मुलाला म्हटलं, "आज तिला सांग. आजी वारली म्हणून सांग. मी समोर आहे, मी बघतो तिच्याकडे."

तो भिंगरीकडे वळून बराच वेळ बोलला. भिंगरीने मान डोलावली, मग झोपायच्या खोलीच्या दिशेने, म्हणजे तिला वाटत होती त्या दिशेने, एक पापी उडवली आणि पळाली.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस ते सांग."

तो टॅब सरळ करायला लागला.

"अरे, मरणाची बातमी ऐकून पोर पाप्या उडवते का? मला काय बोळ्याने दूध पाजतोस?"

"बाबा, तिची शाळा नवीन आहे. ती रात्री दचकून उठते. थोडी मोठी होऊ दे, मी सांगेन."

"किती मोठी? तुझ्याएवढी?"

त्याने फोन ठेवला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जिने त्या पोरीशी बोलता यावं म्हणून म्हातारपणी जीभ वळवली, तिला या माणसाने आडवं करून ठेवलं होतं. भिंगरीचं काही चुकलं नव्हतं. ती दर रविवारी येऊन विचारायची, आजी उठली का. एक दिवस ती विचारायचं सोडून देईल. आजी आपल्यासाठी उठली नाही, एवढंच तिच्या डोक्यात राहील. हे मला चालणार नव्हतं. आणि तिच्या-माझ्यामध्ये तिचा बाप बसला होता. माझं प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडातून जायचं आणि दुसऱ्या बाजूने भलतंच होऊन निघायचं. त्याला वगळायचं तर माझ्या तोंडून निघालं पाहिजे होतं. म्हणून मी शिकवणीला आलो. हो, बाष्कळ कारणासाठी नाही आलो.

तिसऱ्या तासाला मी बाईंना म्हटलं, "मला अक्षरं नकोत. एक वाक्य द्या. तुझी आजी वारली. ती झोपलेली नाही."

बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं. इंग्रजी लिपीत, नीट, सुटं सुटं. म्हणाल्या, "आधी स्वर पक्के करा. घाई नको."

मी घाई केली. आठवडाभर दुकानात मशीनचं तेल पुसता पुसता ते वाक्य घोकलं. गिऱ्हाईक समोर असलं तरी ओठ हलायचे. एक बाई आपलं मशीन तसंच परत घेऊन गेली, तिला वाटलं मी तिला शिव्या देतोय.

रविवारी टॅब वाजला. मुलगा दाढीचा फेस तोंडाला लावून मागे फिरत होता. भिंगरीने विचारलं, "आबुएला?" मी कागद समोर धरला आणि म्हटलं, "टू अब्युएला से म्युरिओ. नो एस्टा डॉर्मिडा."

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. मग फिसकन हसली. मग पोट धरून. तिला वाटलं आजोबा यंत्रमाणसासारखं बोलून दाखवतायत. तिने हात ताठ करून, मान कडक करून माझी नक्कल केली, "टू-टू-टू, टा-टा-टा," आणि आईला हाका मारायला लागली.

मुलाचा हात गालावरच थांबला होता. त्याला बरोब्बर कळलं होतं मी काय म्हणालो ते. तो एक क्षण आरशात बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला. आणि मग तोही हसला. मोठ्याने. पोरीबरोबर.

त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

रात्रीच्या आत त्याचा फोन आला. "बाबा, पुन्हा असं केलंत तर मी रविवारचा फोन बंद करीन. मग भांडत बसा भिंतींशी. तुम्हाला तिच्याशी बोलायचंय ना?"

"मला बोलायचंच आहे. तेच तर चाललंय."

"मी गंमत करत नाहीये."

"मी तरी कुठे करतोय?"

दुसऱ्या दिवशी मी वर्ग सुरू व्हायच्या आधीच जिना चढलो आणि बाईंसमोर तो कागद आपटला. "हे कसलं शिकवता तुम्ही? पाच वर्षांची पोर मला हसली. मरणाच्या बातमीला हसली!"

"म्हणून दाखवा," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले, ते जास्त लागलं.

"तुम्ही इंग्रजी वाचताय," त्या म्हणाल्या.

"मग तक्त्यावर काय आहे? टेबलमधला टी! तुम्हीच लिहिलंय!"

"तक्ता सोयीसाठी आहे हो."

"कुणाच्या सोयीसाठी? माझ्या सोयीचा तर झाला नाही."

आता त्याही चिडल्या. "तुमच्या मिसेसशीसुद्धा माझा हाच वाद होता. मी सांगायचे, स्पॅनिश तिच्या लिपीत लिहा, सवय लावा. त्या ऐकायच्या नाहीत. सगळी वही देवनागरीत. दर तासाला ओरडायचे मी. त्या म्हणायच्या, मी आधी ऐकते मग लिहिते, स्पेलिंग मागाहून बघू. दीड वर्ष मी ओरडले आणि दीड वर्ष त्यांनी तेच केलं."

"कुठली वही?"

"निळी. तुमच्याकडे असेल ना."

माझ्याकडे होती. हिची पिशवी दाराच्या मागे खुंटीला तशीच लटकत होती. मी दिवसातून दहा वेळा ते दार उघडायचो आणि पिशवी भिंतीवर आपटायची. मी तिला हात लावला नव्हता. त्या दिवशी काढली. आत चष्म्याचं रिकामं घर, अर्धं खाल्लेलं बिस्किटांचं पाकीट आणि निळी वही.

दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डवर ही अशीच काम करायची. फोनवरचा माणूस घाबरलेला असायचा, नाव धड सांगायचा नाही, ते नाव कुठल्या भाषेतलं तेही कळायचं नाही. ही म्हणायची, "स्पेलिंग विचारत बसले तर तिकडे माणूस रडायला लागतो. कानाला येतं तसं लिहायचं आणि तसंच्या तसं वॉर्डात सांगायचं. नाव चुकलं की दुसऱ्याच्याच खाटेपाशी फोन जातो." तिच्या जुन्या नोंदवह्या मी पाहिल्या होत्या. ही वही तशीच होती. डावीकडे आवाज, उजवीकडे अर्थ. अर्थाचा रकाना पुष्कळ ठिकाणी रिकामा होता. तिला आवाज आधी लागायचा, अर्थ मिळेल तेव्हा.

पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होतं: 'इथे ट नाही, ड नाही. सगळीकडे त आणि द. आपल्याकडे आहेत ते वापरा!' खाली दोन रेघा. मी तिथेच जमिनीवर बसलो. त आणि द. जन्मापासून तोंडात होते. मी ते सोडून इंग्रजीचे ट आणि ड उसने घेऊन पोरीपुढे नाचलो होतो.

पुढे होतं: 'यूचा यू करायचा नाही. नुसता उ.' 'जे म्हणजे ख, घशातून, कफ काढल्यासारखा, पण बेताने.' 'दोन एल म्हणजे य.' 'एच मेला. तो विसरा.' एका पानावर बाईंनी शिकवलेला थ सगळीकडे खोडून हिने स लिहिला होता आणि बाजूला शेरा, 'बाई थ म्हणतात. सूनबाई स म्हणतात. भिंगरी स म्हणते. बाईंना सांगायचं नाही.'

मी वाचत गेलो. मोठ्याने. अर्थ कळत नव्हता, पण तोंड आपोआप चालत होतं. माझ्या घरात हिचा आवाज यावा तशी ती वाक्यं येत होती आणि ती मी म्हणत होतो. हिच्यावर मला इतका राग आला की वही भिंतीवर फेकावी. एवढं सगळं तुला येत होतं. मला धरून बसवायचं होतंस. चप्पल लपवायची होतीस. दुकानाची किल्ली फेकून द्यायची होतीस. "एक वाक्य म्हणा" असं म्हणून सोडून काय दिलंस?

तेराव्या पानावर होतं: 'आबुएलो एस्ता एनोखादो. सिएम्प्रे.' समोर अर्थ: 'आजोबा रागावलेत. नेहमीच.' आणि खाली, 'हे ऐकून भिंगरी खूप हसली. पुढच्या वेळी पुन्हा सांगायचं.'

म्हणजे मी बंद दुकानात बसायचो तेव्हा या दोघी माझ्यावर हसायच्या. बरं झालं. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

मी बाईंनी दिलेलं वाक्य हिच्या पद्धतीने पुन्हा लिहिलं. त्यासाठी बाईंनाच तीनदा म्हणायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "दुसरा आला." पण म्हणाल्या. वर्गात माझ्या शेजारी एक दातांचा डॉक्टर बसायचा, तरुण, बडबड्या. त्याने माझं तोंड उघडायला लावून पेन्सिलीने दाखवलं. "काका, जिभेचं टोक इथे, वरच्या दातांना. मागे नाही न्यायचं. त. म्हणा."

"त मला येतो रे. मराठी माणूस आहे मी."

"मग आत्तापर्यंत कुणाचा टी काढत होतात?"

"तुझ्या त्या तक्त्याचा."

"आणि काका, र जरा थरथरवा. तुम्ही मशीनवाले, मोटार सुरू करा ना."

पहिल्यांदाच मला हसू आलं, आणि हसू आल्याचा लगेच रागही आला.

हे सगळं करण्यात चार रविवार गेले. त्या चार रविवारी भिंगरीने विचारलं आणि मी सी म्हणालो. हे लिहून ठेवतो, कारण पुढे ते माझ्याच अंगावर आलं. मुलगा निवळला होता. त्याला वाटलं म्हातारा ताळ्यावर आला.

पाचव्या रविवारी मी टॅब स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला, हिने ठेवला असता तसा, डब्याला टेकवून. वही समोर. टॅब वाजला. भिंगरी टेबलापाशी बसून काहीतरी चमच्याने खात होती. मागे सून भांडी लावत होती. मुलगा भिंगरीच्या शेजारी, हातात कप.

"आबुएला?" भिंगरीने विचारलं. या वेळी तिने मागे बघितलंच नाही. चमचा फिरवत विचारलं. सवयीने.

मी म्हटलं, "नो."

चमचा थांबला.

"बाबा," मुलगा म्हणाला.

मी वहीकडे बघितलं नाही. "तु आबुएला से मुरिओ," मी म्हटलं. "नो एस्ता दोर्मिदा. से मुरिओ."

भांड्यांचा आवाज बंद झाला. सून तिथेच वळून उभी राहिली. तिच्या हातातल्या ताटलीवरून पाणी खाली टपकत होतं. तिला पोरीला सांगायचं होतं की नव्हतं, मला कधी कळलंच नाही. तिला विचारायला माझ्याकडे भाषाच नव्हती.

"बाबा, काय चालवलंय तुम्ही? बंद करा!" मुलाने टॅबला हात घातला. भिंगरीने दोन्ही हातांनी टॅब छातीशी ओढला. पडदा काळा झाला, नंतर तिची हनुवटी दिसली, नंतर तिचे डोळे अगदी जवळ.

"से मुरिओ?" तिने विचारलं.

"सी," मी म्हटलं.

"क्वांदो?"

केव्हा, हे मला येत होतं. आकडेही आले होते. "आसे कातोर्से सेमानास," मी म्हटलं. चौदा आठवडे झाले.

तिला चौदा आठवडे म्हणजे किती, ते कळलं की नाही माहीत नाही. पण ते पुष्कळ आहेत एवढं कळलं. ती बापाकडे वळली. तिचा आवाज मी आजवर कुजबुजीत ऐकला होता किंवा हसण्यात. हा आवाज वेगळा होता. ती ओरडत होती. "दोर्मिदा!" झोपलेली. एवढा एकच शब्द मला कळत होता, तो पुन्हा पुन्हा येत होता. बाप काहीतरी म्हणायला गेला की ती त्याच्या तोंडावर तो शब्द मारायची.

मग ती माझ्याकडे वळली. बोट थेट माझ्या तोंडावर. "इ तु ताम्ब्येन!" ती म्हणाली. "तु देसिआस सी! सी, सी, सी!" माझी नक्कल. या वेळी यंत्रमाणसाची नव्हती. होकारार्थी मान डोलावत, म्हातारं तोंड करून, हुबेहूब माझी.

तू पण. तू हो म्हणत होतास. अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती.

मला माझ्या बाजूचं बोलायचं होतं. तुझ्या बापाने सांगितलं म्हणून. मला दुसरा शब्दच येत नव्हता म्हणून. पण तेवढं स्पॅनिश मला येत नव्हतं, आणि येत असतं तरी बरं झालं नसतं. इतके रविवार मी एकच शब्द म्हणत होतो आणि तो मी खोटं बोलायला वापरला. ती रडत नव्हती. ती चिडली होती. डोळे बारीक, नाकपुड्या फुगलेल्या, मुठी आवळलेल्या. ही गेल्यापासून चौदा आठवडे लोक माझ्याकडे येत होते. कुणी हात धरत होतं, कुणी मान हलवत होतं, कुणी म्हणत होतं, सुटली बिचारी. माझ्याइतकं चिडलेलं मला कुणी भेटलं नव्हतं. आज भेटलं.

तिने टॅब टेबलावर टाकला. मला त्यांच्या घराचं छत दिसायला लागलं. पांढरं छत, कोपऱ्यात ओलीचा एक डाग. पावलांची धावाधाव, दार आपटल्याचा आवाज. दाराआडून तिचा आवाज, तोच जोर.

मुलाचं तोंड वरून आत आलं. डोळे लाल. "झालं समाधान?"

"नाही."

"तिने कोंडून घेतलंय."

"असू दे. मीही घेतलं असतं."

त्याने त्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "बाबा, मी प्रयत्न केला होता. खरंच. तोंड उघडलं आणि झोपलीय असंच आलं. मला कुठल्याच भाषेत म्हणता येईना."

माझा त्याच्यावरचा राग गेला नाही. पण त्याच्यातला काही भाग कुठे ठेवायचा, ते कळेना. मी म्हटलं, "फोन ठेवू नकोस. टॅब आहे तसा राहू दे. ती काय ओरडतेय ते मला ऐकू येतंय."

"तुम्हाला कळतंय ते?"

"कळत नाही. ऐकू येतंय."

मी निळी वही पुढे ओढली. हिची शेवटची ओळ एकोणसत्तराव्या पानावर संपली होती. अर्थाचा रकाना तिथेही रिकामा. मी खालच्या ओळीवर पेन टेकवलं. दाराआडून भिंगरी एकच शब्द ओरडत होती, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी दारावर एक लाथ. र हलका, त दातांवर, शेवटी स. मी तो कानाला आला तसा लिहिला. मेन्तिरोसोस.

"हे काय म्हणतेय ती?" मी मुलाला विचारलं. "आणि खरं सांग. या वेळी मी तिलाच विचारून खात्री करून घेईन."

तो छताच्या डागाकडे बघत होता.

"खोटारडे," तो म्हणाला. "तुम्ही सगळे खोटारडे."

मी उजव्या रकान्यात ते लिहिलं आणि म्हटलं, "बरोबर आहे. दाराबाहेर बसून राहा. ती आणखी काय म्हणेल ते सांगत जा."